वीरकथा कशी सांगावी : लान्स नायक पांडुरंग साळुंखे



तासगावसह आजच्या सांगली जिल्ह्यातील काही तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. पुढे जिल्हे दोन झाले, तरी सैनिकी परंपरा एकच राहिली. साताऱ्याजवळील अपशिंगे या एकाच गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्याच परंपरेतील मणेराजुरीचे सुपुत्र म्हणजे लान्स नायक पांडुरंग साळुंखे.

साळुंखे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या १५ व्या पलटणीत होते. लान्स नायक हा शिपायाच्या वरचा पहिलाच हुद्दा. हाताखाली माणसे मोजकीच. ३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानशी युद्ध पेटले. पंजाबच्या सीमेवरील बुर्ज हे ठाणे शत्रूकडून घेण्याची कामगिरी या पलटणीकडे आली. ६ डिसेंबरच्या चढाईत शत्रूच्या माऱ्याने आपली आगेकूच अडली. शत्रूच्या रॉकेट लाँचरपासून साथीदारांच्या प्राणांस असलेला धोका साळुंखे यांनी ओळखला आणि ते स्वतः त्या शत्रूवर धावून गेले. तेथेच त्यांस वीरमरण आले. दहा दिवसांनी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. तो दिवस पाहण्यास साळुंखे राहिले नाहीत. युद्धातील शौर्याबद्दलचे दुसऱ्या क्रमांकाचे पदक, महावीर चक्र, त्यांस मरणोत्तर देण्यात आले.

ही हकिकत ऐकताच मुले प्रथम विचारतात, 'त्यांनी किती शत्रू मारले?' प्रश्न स्वाभाविक आहे. त्यासाठी मुलांस रागावू नये. मात्र शिक्षकाने त्यांस हळूहळू दुसऱ्या प्रश्नाकडे न्यावे : 'ते कोणासाठी पुढे गेले?' पहिल्या प्रश्नाने द्वेष वाढण्याचा संभव असतो; दुसऱ्याने कर्तव्याची ओळख होते. पदक मिळाले तरी घरातील गेलेला मुलगा परत येत नाही, हेही मुलांस कळू द्यावे. तेवढे वगळून सांगितलेली वीरकथा अपुरी होय.

म्हणून ६ डिसेंबरला केवळ तसबिरीस हार घालून थांबू नये. नकाशावर मणेराजुरी व पंजाबची सीमा दाखवावी. गावातील निवृत्त जवानास शाळेत मानाने बोलवावे व ते जेवढे सांगतील तेवढे शांतपणे ऐकावे. गावच्या स्मारकावरील नावे मुलांकडून शुद्ध अक्षरात लिहून घ्यावीत.

साळुंखे यांचा हुद्दा लहान होता. परंतु 'हे काम माझ्या वरच्याचे' असे त्यांनी म्हटले नाही. वर्गातील फळा पुसणाऱ्या मुलासही एवढे समजले, तर हा पाठ सार्थकी लागला असे मानावे.