‘गिडी’ म्हणजे नेमकं काय?

(बिशानमधल्या आपल्या बैठकीत केलेलं हे भाषण. काही मित्रांनी मागितलं म्हणून लिहून काढलं. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं कमी केलं आहे, सगळं नाही.)



आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. चिप बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रं सांभाळणारा इंजिनिअर आहे. मानववंशशास्त्र हा शब्द वर्षभरापूर्वीपर्यंत मी फक्त इरावतीबाई कर्व्यांच्या नावाला जोडून ऐकला होता. तरी हा विषय मागून घेतला, कारण आमच्या घरात सहा महिने त्यावरून वाद चालू आहे आणि तोच वाद उद्या तुमच्याही घरात होऊ शकतो.

माझ्या मुलीने इथेच जीवशास्त्राची पदवी घेतली. पुढे मेडिकल, हे आम्ही गृहीत धरलेलं. तिने जाहीर केलं की तिला वैद्यकीय मानववंशशास्त्रात एम.ए. करायचंय, आणि तेही अशा ठिकाणी जिथे त्याच्या जोडीला एक भाषा कसून शिकवतात. दोन वर्षं. ठाण्याहून माझ्या भावाचा फोन आला, "अरे, एवढे पैसे ओतून पोरगी शेवटी भाषा शिकणार? भाषा काय, क्लास लावला की येते." खरं सांगायचं तर तो मोठ्यांदा बोलला ते मी मनात म्हणत होतो.

माझं मत बदललं ते एका शब्दामुळे. तो शब्द तुम्ही इथे रोज ऐकता : ‘गिडी’.

माझी आई 76 वर्षांची आहे. वर्षातले काही महिने ती आमच्याकडे असते. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू. मागच्या वेळी आल्यावर महिनाभरात म्हणायला लागली, "सकाळी उठलं की अंधारी येते रे." मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते, घाईत होते. काय होतंय, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शी फील्स गिडी. त्यांनी विचारलं, आजूबाजूचं सगळं फिरतं का? आणि इथे मी जे केलं ते ऐका. आईकडे न बघताच मी ‘हो’ म्हटलं. गिडी म्हणजे चक्कर, चक्कर म्हणजे फिरणं, असं माझ्या डोक्यात सरळ गणित. चक्करेच्या गोळ्या मिळाल्या, कानाच्या तपासणीची तारीख मिळाली. तारीख यायच्या आधीच आई बाथरूममध्ये पडली आणि मनगट मोडलं.

मुलगी आजीजवळ बसली होती. सहज विचारावं तसं तिने विचारलं, "आजी, पडायच्या आधी खोली फिरली का गं?" आई म्हणाली, "खोली कशाला फिरेल? डोळ्यांपुढे काळोख झाला. बसून राहिले की काही नाही, उठले की होतं." मग पोरीने हट्ट धरून आईचा रक्तदाब आडवं असताना आणि उभं केल्यावर, असा दोनदा मोजायला लावला. उभं राहिल्यावर वरचा आकडा तीसने खाली आला होता. वीसने उतरला तरी डॉक्टर सावध होतात. गोळीचा डोस कमी केला आणि अंधारी थांबली. मनगट अजून पावसाळी हवेत ठणकतं.

दोष डॉक्टरांचा नव्हता. मराठी येत असलेला माणूस त्या खोलीत मी होतो. घेरी, भोवळ, गरगरणं, झोक जाणं, अंधारी येणं हे पाच वेगळे अनुभव आईच्या तोंडात पाच वेगळे शब्द होते, आणि मी त्यांची एका इंग्रजी शब्दात मोळी बांधली. आईने निदान अर्धं करून दिलं होतं. ते भाषांतरात मी सांडलं.

त्यानंतर मुलगी मला वाचायला देत गेली. त्यातलं मला जेवढं पचलं तेवढं सांगतो.

आर्थर क्लाइनमन हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. चिनी भाषा शिकून त्यांनी आधी तैवानमध्ये आणि मग 1980 पासून चीनच्या हुनान प्रांतात काम केलं. तिथे ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ असं निदान घेऊन येणारे रुग्ण डोकेदुखी, थकवा, झोप नसणं याबद्दल बोलत, मनाबद्दल नाही. नीट मुलाखती घेतल्यावर शंभरांतले बहुतेक नैराश्याच्या व्याख्येत बसत होते. पण क्लाइनमननी ‘यांना नैराश्य आहे, त्यांना ते कळत नाही’ असं म्हणून फाईल बंद केली नाही. सांस्कृतिक क्रांतीत होरपळलेल्या माणसाला त्या देशात डोकं दुखतंय म्हणणं का परवडतं आणि मन दुखतंय म्हणणं का परवडत नाही, हा प्रश्न त्यांनी पुढे नेला. डॉक्टरांनी रुग्णाला विचारावेत असे काही प्रश्न त्यांनी मांडले होते. त्यांतला एक प्रश्न : या त्रासाला तुम्ही काय म्हणता? एवढंच. मी आईला हे विचारलं नव्हतं.

हीच वाट आपल्या मुंबईपर्यंत येते. मिचेल वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोग्यांबरोबर मुंबईत काम करून मुलाखतीची एक पद्धत बसवली आणि 1992 मध्ये ती प्रसिद्ध केली. आजार कशाने झाला असं रुग्णाला वाटतं, लोक काय म्हणतात, आधी कुणाकडे गेलात, हे रुग्णाच्या शब्दांत टिपायचं आणि तरीही मोजता येईल असं टिपायचं. इंजिनिअर म्हणून मला हे आवडलं. शब्द जपायचे आणि आकडेही सोडायचे नाहीत.

आणि मग गडचिरोली. डॉ. राणी आणि अभय बंग यांचं काम इथल्या मंडळींना माहीत आहे, त्यामुळे सगळं सांगत बसत नाही. एकच गोष्ट. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अभ्यास आला : दोन गावं, 650 स्त्रिया, आणि त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग. त्याआधी तपासणी झालेल्या सुमारे 8 टक्के. त्या काळी ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच सरकारी समज होती. बायका या दुखण्यांबद्दल बोलतच नाहीत, असं मानलं जाई. त्या बोलत होत्या, आपापसात, आपल्या शब्दांत. ‘अंगावरून जातंय’ हे ऐकून तो आजार आहे हे ओळखणारा कान दवाखान्यात नव्हता. राणीताईंच्या मराठी पुस्तकाचं नाव ‘कानोसा’ आहे, ते उगीच नाही.

त्यांच्या शोधग्राममधल्या दवाखान्याचं नाव माँ दंतेश्वरी. दवाखान्यात यायला का घाबरता, असं आदिवासींना विचारलं तेव्हा उत्तरं आली : तिथे आमचा देव नाही, तिथली माणसं पांढरे कपडे घालतात आणि आम्ही मेलेल्याला पांढऱ्यात गुंडाळतो, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. मग दवाखानाच झोपड्यांसारखा बांधला, नातेवाइकांना राहायला जागा केली, आणि नाव देवीचं दिलं.

इथे आपल्यातले काही जण खुर्चीत सरसावून बसलेले मला दिसतायत. देवीचं नाव? आपण तर अंधश्रद्धा निर्मूलनवाले. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा आपण आनंदही मानला आणि रडलोही. मग भगत, देवऋषी, अंगात येणं यांचा ‘आदराने’ अभ्यास करणाऱ्या शास्त्राचं कौतुक कशाला?

हा आक्षेप मी मुलीला घेतला होता, चांगला तावातावाने. एरवाडीचं उदाहरण दिलं. 2001 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत दर्ग्याजवळच्या मनोरुग्णांच्या खाजगी निवासाला आग लागली आणि साखळीने बांधलेली पंचवीसहून अधिक माणसं जागच्या जागी जळाली. या साखळीचा आदर करायचा का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तू साखळीबद्दल बोलतोयस. मी तिला तिथे घेऊन गेलेल्या आईबद्दल बोलतेय." आणि एक निबंध पुढे ठेवला. व्हीडा स्कुल्टन्स या ब्रिटनमधल्या अभ्यासिकेचा, 1987 चा, महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरावरचा. मानसिक आजार असलेल्या मुलाला किंवा नवऱ्याला घेऊन घरची बाई तिथे येऊन राहते, आणि काही दिवसांनी अंगात येतं ते त्या बाईच्या. घरच्याचा आजार ती आपल्यावर ओढून घेऊ बघते. ‘अंधश्रद्धा’ हा शिक्का मारून पुढे गेलो असतो तर घरातल्या आजाराचं ओझं कोण वाहतं, हे दिसलंच नसतं. ते दिसणं तर आपल्यासारख्यांच्या कामाचं आहे. माझा आक्षेप पूर्ण मिटला असं म्हणणार नाही. समजून घेता घेता माणूस कधी समर्थन करू लागतो हे त्याचं त्यालाच कळत नाही, आणि या शास्त्रातही तसं लिहिणारे असणार. पण ऐकणं म्हणजे मानणं नव्हे, एवढं मी कबूल केलं.

शेजारचंच एक उदाहरण आहे. कॅरल लॅडरमन ही अमेरिकन बाई मलेशियात तेरेंगानूच्या एका खेड्यात राहिली, मलय शिकली, सुइणीच्या आणि मांत्रिकाच्या हाताखाली शिकली. तिथल्या आजारांत ‘आंगिन’ हा शब्द सारखा येतो. आंगिन म्हणजे वारा. ती हा शब्द अलंकारिक समजत होती. शेवटी एकदा तिची स्वतःची तंद्री लागली आणि छातीत खरंच वारं घुमल्यासारखं वाटलं. तिने ते सांगितलं तर गावकऱ्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. वारं नाही तर काय म्हणणार! कोकणातली आमची मोलकरीण ‘तिच्या अंगात वारं येतं’ म्हणायची, ते मला तेव्हा आठवलं. शब्दकोशात ‘आंगिन’चा अर्थ एका मिनिटात सापडतो. तो अर्थ उमगायला लॅडरमनना किती काळ तिथे राहावं लागलं, हे माझ्या भावाला सांगायला हवं.

आता आपण बसलोय त्या जागेकडे या. बिशान हे नाव मँडरिन उच्चाराचं. त्याच दोन अक्षरांचा जुना कँटोनीज उच्चार पेक सान. इथे 1870 पासून कँटोनीज लोकांचं मोठं स्मशान होतं. 1980 च्या दशकात कबरी हलवून हे शहर वसवलं. 1979 मध्ये ‘मँडरिन बोला’ मोहीम सुरू झाली आणि होक्कियन, तेओच्यू, कँटोनीज या घरच्या बोली मागे पडत गेल्या. मोहिमेचे फायदे झालेच, ते मी नाकारत नाही. पण आज आमच्या लिफ्टमध्ये भेटणारी आजी आणि तिचा नातू यांच्यात एक धड वाक्य होत नाही. 2014 मध्ये म्हाताऱ्यांसाठी पायोनियर जनरेशन पॅकेज आणलं तेव्हा वैद्यकीय सवलती समजावून सांगायला सरकारलाच पुन्हा होक्कियन आणि कँटोनीजमध्ये जाहिराती कराव्या लागल्या. 2020 च्या एप्रिलमध्ये कामगारांच्या वसतिगृहांत करोना पसरला तेव्हा बांगलादेशी रुग्णांशी बोलायचं कसं, हा प्रश्न डॉक्टरांपुढे उभा राहिला. मेडिकलला जायच्या बेतात असलेल्या एका बंगालीभाषक तरुणीने थोड्याच दिवसांत प्रश्नांची बंगाली वेबसाइट तयार केली. इतकं व्यवस्थित चालणारं शहर आणि त्या आठवड्यात त्याची गाडी एका मुलीच्या मातृभाषेवर चालली.

अभ्यासक्रमाबद्दल थोडक्यात. लंडनच्या सोआसने असा दोन वर्षांचा एम.ए. चालवला : वैद्यकीय मानववंशशास्त्राच्या जोडीला जपानी, कोरियन, अरबी अशा भाषांतली एक, आणि मधला उन्हाळा त्या भाषेच्या देशात. याच सोआसमध्ये एके काळी इयन रेसाइड मराठी शिकवत. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ त्यांनीच इंग्रजीत नेला. मराठीसाठी पुण्यात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे वर्ग आहेत. परदेशी विद्यार्थी तिथे रोज तासन् तास मराठी घोटतात आणि संध्याकाळी रिक्षावाल्याशी वाद घालून तिची परीक्षा देतात.

गंमत अशी की आमच्या मुलीलाही असाच वर्ग लागणार आहे. इथल्या शाळेत हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येतात, मराठी नाही. ती हिंदी शिकली. तिचं मराठी स्वयंपाकघरातलं : जेवायला वाढ, भांडी आवर, आजी बरी आहेस का. ती ‘ठणका’ आणि ‘कळ’ यातला फरक ऐकून ओळखते, पण वाचताना अडखळते. गेल्या आठवड्यात तिने विचारलं, "बाबा, ‘जीव’ कुठे असतो?" आई म्हणते जीव घाबरा होतो, जीव वर-खाली होतो, जीव कासावीस होतो, आणि प्रत्येक वेळी हात वेगळ्या जागी ठेवते. कधी छातीवर, कधी पोटावर, कधी गळ्याशी. माझ्याकडे उत्तर नव्हतं. छातीवर हात असेल तर हृदय तपासायला हवं, एवढंच सुचलं.

फीचा आकडा अजून माझ्या पोटात गोळा आणतो. पण फॉर्म गेला आहे. भाषा कुठली घ्यायची ते ठरलेलं नाही. ती बंगालीचं बोलते, इथल्या कामगारांसाठी. आजीला वाटतं मराठीच घ्यावी, निदान चिठ्ठी तरी नीट लिहील.

तोवर आमच्या घरी एक दोनशे पानी वही झाली आहे. आई दुखण्याचा शब्द सांगते, कुठे होतं ते बोट ठेवून दाखवते, आणि मुलगी लिहिते. चमक, शिणक, उसण, वांब, ठसठस, चुरचुर, मुरडा, भणभण. ज्यांच्याकडे आई-वडील, सासू-सासरे येऊन राहिलेत त्यांनी पुढच्या बैठकीला त्यांचे शब्द घेऊन या. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी असतील तर फारच उत्तम. आमची वही अजून पुणे-ठाण्याच्या पुढे गेलेली नाही. आणि शक्य झालं तर त्यांनाच घेऊन या. ब्लॉकला लिफ्ट आहे, चहा माझ्याकडे.