करंजीची कड, नावेची कड



करंजीची कड सुटली की सारण तुपात उतरते, हे तुम्हाला सांगायला नकोच. नावेचेही तसेच. आमच्या थोरल्याने उजनीच्या पाण्यासाठी घरीच लाकडी कयाक केली. वरूनही झाकलेली, बसणाऱ्यापुरतेच भोक ठेवलेली अरुंद नाव. खालचा भाग व वरचे झाकण सांधणे, इथेच खरी कसोटी.

कडा जुळवून त्याने पट्ट्यांनी आवळल्या. दोन डब्यांतली राळ मापाने कालवली. नाव कुशीवर ठेवून आतल्या सांध्यावर काचधाग्याची पट्टी राळेत भिजवून बसवली. टोकांशी हात पोचेना, तिथे काठीला कुंचला बांधला. माझा हात बारीक, म्हणून भोकातून सुरकुत्या मी काढल्या, हातमोजे घालून हो! ती वाळल्यावर दुसरी बाजू, मग बाहेरून.

२१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी वाटेवर वादळात होडी उलटून सहा जण गेले. तरंगते जाकीट घरात येईपर्यंत आमची नाव ओसरीवरच राहील.