पापुद्र्याची पारख

नारळी पौर्णिमा उलटली कीं मालवणच्या किनाऱ्यावर होड्या पुन्हां समुद्रांत लोटल्या जातात आणि बंदराला जाग येते. बांगडा, सुरमई आणणाऱ्या होडीला जाळ्याइतकीच बर्फाची गरज असते. हा बर्फ गोठविणाऱ्या कारखान्यांच्या नळ्यांतून बहुधा अमोनिया वायु खेळत असतो. नळींत असेपर्यंत तो निमूट चाकरी करतो. पण एखाद्या सांध्यांतून निसटला, तर डोळे, घसा व फुप्फुसें पोळून काढतो. त्याची पहिली वर्दी कामगाराच्या नाकाला मिळते, आणि नाक कांहीं अष्टौप्रहर पहाऱ्यावर नसतें. ही वर्दी एखाद्या निर्जीव पदार्थानें आधींच द्यावी, अशी शास्त्रज्ञांची खटपट चालू आहे. त्यासाठीं त्यांनीं हातीं घेतलेल्या पदार्थांपैकीं एक म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड.

नांव अवघड असलें तरी वस्तु परकी नाहीं. यंत्रांच्या सांध्यांना लावावयाच्या कांहीं काळ्या ग्रीसमध्यें हीच भुकटी असते. ती वंगणाचें काम कां करते, हें समजण्यास कुडाळ तालुक्यांतील कडावलचें अभ्रक आठवावें. अभ्रकाच्या कडेला नख लावलें कीं पापुद्रा सुटतो, आणि त्या पापुद्र्याचाहि पापुद्रा निघतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचें अभ्रकाशीं रासायनिक नातें नाहीं. साम्य आहे तें घडणीचें. त्याच्या प्रत्येक थरांत मध्यें मॉलिब्डेनमचे अणु व खालींवर गंधकाचे अणु असतात. थराच्या आंतील बंध बळकट; परंतु दोन थरांमधील ओढ इतकी दुबळी कीं ते एकमेकांवरून घसरतात. म्हणून तें वंगण होतें, आणि म्हणूनच त्याचा एकच थर सुटा करणेंहि शक्य होतें. अशा थराची जाडी सुमारें ०.६५ नॅनोमीटर, असे लाखभर थर एकावर एक रचावेत, तेव्हां कोठें मनुष्याच्या केसाएवढी जाडी भरेल!

थर सुटा करण्याची एक रीत ऐकून हसूं येईल. स्फटिकाला चिकटपट्टी लावावयाची, ओढावयाची, आणि पुन्हां पुन्हां तसेंच करावयाचें. २००४ सालीं मँचेस्टर येथें आंद्रे गाइम व कॉन्स्टन्टिन नोव्होसेलोव्ह यांनीं ग्रॅफाइटचा एकच थर याच रीतीनें वेगळा केला आणि २०१० सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. मॉलिब्डेनम डायसल्फाइडलाहि ही रीत लागू पडते. याखेरीज भुकटी द्रवांत घालून ध्वनिलहरींनीं थर सुटे करतां येतात, किंवा मॉलिब्डेनमचा ऑक्साइड व गंधक भट्टींत तापवून त्यांच्या वाफेपासून नवा थर वाढवितां येतो.

खरी कसोटी पुढेंच आहे. हातीं आलेला पापुद्रा एक थराचा कीं दहा थरांचा, हें ओळखावें कसें? प्रथम तो ३०० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड असलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. जाडी बदलली कीं रंगाची छटा बदलते. मग अणुबल सूक्ष्मदर्शकाची सूक्ष्म सुई त्यावरून फिरवून उंची मोजतात. शेवटीं साक्ष काढतात ती १९२८ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध झालेल्या रामन परिणामाची. पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशांत दोन ठळक रेषा दिसतात. एका थरांत त्यांमधील अंतर प्रति सेंटिमीटर सुमारें १९ असतें, जाड स्फटिकांत सुमारें २५. तिन्ही साक्षी जुळल्या, तरच निवाडा.

असे पारखलेले पापुद्रे वायूंपुढें ठेवून पाहण्याचें काम दत्तात्रय लाटे, विनायक द्रविड, उमेश वाघमारे, चिं. ना. रा. राव प्रभृतींनीं केलें व तें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. वायूचे रेणु पापुद्र्यावर बसले कीं इलेक्ट्रॉनांची देवघेव होते आणि त्यांतून वाहणारा विद्युत्प्रवाह बदलतो. हा बदल हीच वर्दी. अमोनिया, नायट्रोजन डायऑक्साइड व हवेंतील ओलावा यांवर प्रयोग झाले. जितका थर पातळ तितका तो गुणी, अशी अपेक्षा कोणीहि केली असती. परंतु एका थराहून थोड्या थरांचे पापुद्रे सरस ठरले. वायूची चाहूलहि त्यांना चांगली लागली आणि वायु दूर होतांच ते पूर्वस्थितीवरहि चांगले आले. थर मोजण्याची दक्षता घेतली नसती, तर हें सत्य कळलेंच नसतें.

याच प्रयोगांत मालवणच्या किनाऱ्याकरितां एक इशाराहि आहे. पापुद्रा अमोनिया ओळखतो, तसाच ओलावाहि ओळखतो. आणि कोंकणची हवा तर वर्षांतील बराच काळ ओलीचिंब असते. पावसाळी वाऱ्याला अमोनिया समजून रोज ओरडणाऱ्या पहारेकऱ्यावर चार दिवसांनीं कोणीहि विश्वास ठेवणार नाहीं, आणि पांचव्या दिवशीं खरा अमोनिया सुटेल. म्हणून प्रयोगशाळेच्या कोरड्या हवेंत मिळालेलें यश बंदरावर जसेंच्या तसें उतरेल असें मानूं नये. पापुद्र्याची पारख प्रयोगशाळेंत सुरू होते. ती पुरी व्हावयाची असेल, तर खाऱ्या, दमट वाऱ्यांतच व्हावी लागेल.