चेकबुक सांभाळा, मंडळी!

चेन्नईहून तुमच्याशी बोलतोय. फौजेतून निवृत्त होऊन इथे स्थिरावलो, आणि आता माझी बैठक बहुतेक पेन्शनरांमध्येच असते. परवा एकाने विचारलं, "यूपीआयच्या जमान्यात चेक लिहितो कोण?" लिहितो की! चेन्नईत घराच्या डिपॉझिटला अ‍ॅडव्हान्स म्हणतात. तो अ‍ॅडव्हान्स, लग्नाचा हॉल, सोसायटीची मोठी दुरुस्ती, अशा रकमा आपल्या वयाची माणसं आजही चेकनंच देतात. म्हणजे चेक कमी फाडले जातात, पण जे फाडले जातात ते मोठे असतात. चोराला तेच हवं असतं.

आधी चेकचा प्रवास समजून घेऊ. पूर्वी कागदाचा चेक गाठोड्यात बांधून एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जायचा. २००८ मध्ये दिल्लीत आणि सप्टेंबर २०११ मध्ये इथे चेन्नईत सीटीएस सुरू झालं. आता चेक जिथे भरला त्या बँकेतच थांबतो, आणि तुमच्या बँकेकडे जातो तो फक्त त्याचा फोटो. खाडाखोड, रसायनानं पुसलेली शाई, कागदाचा खरेपणा या गोष्टी फोटोत सहज दिसत नाहीत. ऑक्टोबर २०२५ पासून तर क्लिअरिंग दिवसभर चालू असतं. सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी वटू शकतो. चांगली सोय आहे, पण चेक थांबवायला हाताशी उरतात ते काही तास.

आता शत्रू कुठून येतो ते पाहू. वाटा तीन आहेत.

पहिली वाट, कोरी जागा. तुम्ही लिहिलं 'पाच हजार' आणि पुढे जागा सोडली. कोणीतरी त्याआधी 'एक लाख' लिहिलं, आकड्यात ५,००० च्या आधी '१,०' बसवलं, की झाले १,०५,०००. म्हणून अक्षरं डाव्या कडेला चिकटवून सुरू करा, शेवटी 'फक्त' लिहा आणि उरलेल्या जागेवर रेघ ओढा. नावापुढेही तसंच. वर दोन तिरक्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहा, म्हणजे पैसे रोखीनं न जाता नाव लिहिलेल्याच्या खात्यातच जातील. चूक झाली तर खोडू नका, तो चेक फाडून नवा लिहा. तारीख सोडून बाकी कुठलीही दुरुस्ती सीटीएसमध्ये चालत नाही.

दुसरी वाट, परकं पेन. कर्ज मिळवून देणारा कोणी घरी येतो, 'कॅन्सल्ड चेक द्या' म्हणतो आणि स्वतःचं पेन पुढे करतो. त्या पेनाची शाई नंतर पुसता येते. 'कॅन्सल्ड' हा शब्द जातो, सही असली तर ती राहते. म्हणून पेन आपलं, आणि रद्द केलेल्या चेकवर सही करायचीच नाही.

कोरा चेक सही करून देणं तर त्याहून धोक्याचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट म्हटलंय की स्वखुशीनं सही करून दिलेला चेक दुसऱ्यानं भरला, तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा गृहीत धरतो. तसं नव्हतं हे पटवून द्यायचं काम तुमचं. चेक न वटता परत आला तर कलम १३८ चा खटला तुमच्यावर.

तिसरी वाट, नकली चेक. तुमचा खरा चेक घरात पुस्तकात असतो आणि त्याच नंबरचा दुसरा बँकेत वटून जातो. म्हणून चेकचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. चेकबुक हाती आलं की पानं मोजा.

नुकसान कोणाचं? सही खोटी असेल तर तो तुमचा आदेशच नव्हे. १९८७ मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. मंगळूरच्या एका कंपनीच्या हिशेबनिसानं ४२ चेकवर खोट्या सह्या केल्या होत्या, आणि भरपाई बँकेला द्यावी लागली. पण सही खरी आणि फक्त रक्कम बदललेली असेल, बदल दिसतही नसेल आणि बँकेनं रीतसर पैसे दिले असतील, तर कलम ८९ बँकेच्या बाजूनं उभं राहतं. म्हणून म्हणतो, कोऱ्या जागेवरची ती रेघ ओढण्याचा आळस करू नका.

आणखी एक पहारा आहे, पॉझिटिव्ह पे. जानेवारी २०२१ पासून ५०,००० आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय आहे. चेक दिला की नंबर, तारीख, नाव, रक्कम बँकेला ॲपवर किंवा शाखेत जाऊन कळवायची. चेक आल्यावर मेळ बसला नाही तर बँक सावध होते. ५ लाखांपासून पुढे बँक हे सक्तीचं करू शकते. आमच्या फौजी भाषेत सांगायचं तर संत्र्याला परवलीचा शब्द आधी ठाऊक हवा.

आणि घात झालाच तर? लाजू नका, मुलांपासून लपवू नका. लगेच बँकेला कळवा, उरलेले चेक थांबवा, लेखी तक्रार देऊन पोच घ्या, पोलिसांत जा. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

आज एकच काम करा. चेकबुक काढा, पानं मोजा, आणि सही केलेला कोरा चेक सापडला तर आत्ताच फाडून टाका. जय हिंद!