विहाराची पवनचक्की : आधी वारा मोजूया
(विहाराच्या वर्धापनदिनी जालना येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विहाराच्या गच्चीवर एक लहान पवनचक्की बसवावी, तिच्यावर अभ्यासिकेचे दिवे चालावेत आणि उरलेली वीज महावितरणला द्यावी, असा तरुण मंडळींचा विचार आहे. त्यावर बोलायला समितीने आम्हाला उभे केले. धम्मदान गोळा व्हायला सुरुवातही झाली आहे म्हणे. दानाची परंपरा आपल्या जिल्ह्याला नवी नाही. सांचीच्या स्तूपावर भोगवर्धनच्या, म्हणजे आपल्या भोकरदनच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. पण आज दान देणारा माणूस स्टीलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, नाहीतर मोंढ्यात पोती उचलतो. त्याचा पैसा वाऱ्यावर उडता कामा नये, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो.

विजेचा विषय आपल्याला परका नाही. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. मजुरांबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडेच होते. केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ 1944 साली त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. वीज स्वस्त आणि मुबलक पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तेव्हा आपल्यालाही पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की, ही वीज स्वस्त पडेल का?

आता हिशेब बघा. तीन मीटर व्यासाची चक्की घ्या. विकणारा तिला "एक किलोवॅटची" म्हणतो, आणि ते खोटे नाही. ताशी 36 किलोमीटरचा वारा असला तर ती हजार वॅटच्या आसपास देते. वारा ताशी 18 वर आला की निम्मी वीज मिळेल असे आपल्याला वाटते. मिळते जेमतेम 120 वॅट! आणि 9 वर आला तर फार तर 15, बऱ्याच चक्क्या तर तिथे फिरतच नाहीत. कारण वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने बदलते. वेग निम्मा झाला की ताकद एक अष्टमांश उरते. म्हणून पाटीवरचा आकडा वाचून चक्की घ्यायची नसते, आपल्या जागेवरचा वारा बघून घ्यायची असते.

1986 साली देशातल्या वीज देणाऱ्या पवनचक्क्यांचे पहिले समूह गुजरात, तामिळनाडू आणि आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहिले. पुढे साताऱ्याच्या वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर शेकडो आल्या. किनारा आणि उंच सडा, जिथे वारा मोकळा, तिथेच त्या गेल्या. आपला विहार आहे वस्तीत. एका बाजूला तीन मजली घर, मागे कडुलिंब. अशा ठिकाणी वारा सरळ येत नाही, भोवरे घेत येतो. चक्की सारखी तोंड फिरवत राहते, वीज थोडी देते आणि झिजते लवकर. शिवाय गच्चीवर बसवली तर तिची थरथर स्लॅबमध्ये उतरते. खाली कुणी ध्यानाला बसले असेल, त्याचे काय? आजूबाजूच्या घराझाडांपेक्षा खांब निदान तीस फूट उंच पाहिजे, तोही जमिनीत पाया घेऊन. आम्ही एका गावी शाळेच्या छतावर अशी चक्की पाहिली. दोन पावसाळ्यांनंतर तिची बॅटरी बसली, आणि पाती अजून तशीच उभी आहेत. पोरं तिला "झेंडा" म्हणतात.

उरलेली वीज महावितरणला देण्याचे म्हणाल, तर छतावरच्या सौर विजेसाठी नेट मीटरिंगचे नियम 2015 साली झाले आणि 2019 च्या नियमांत "नवीकरणीय ऊर्जा" असा व्यापक शब्द आला. पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बॅटरी नसलेला, लाइनला जोडलेला संच, लाइन गेली की आपणहून बंद पडतो. तो बंद पडलाच पाहिजे, कारण खांबावर चढलेल्या लाइनमनच्या अंगावर आपली वीज जाऊ नये. म्हणजे लाइट गेल्यावर अभ्यासिकेत अंधारच! परीक्षेच्या दिवसांत दिवा हवा असेल तर बॅटरी हवी, आणि साधी बॅटरी म्हटली की तिचे डिस्टिल्ड वॉटर बघणारा माणूस आला आणि चार-पाच वर्षांनी नव्या बॅटरीचा खर्चही आला.

मग चक्की नकोच का? असे आम्ही म्हणत नाही. आषाढात आभाळ भरलेले असते, सौर पॅनल मंदावते, आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे वारा जोराचा. हिवाळ्यात उलट, वारा पडतो पण ऊन स्वच्छ. म्हणून दोन्ही एकत्र असलेले संकरित संच निघाले आणि महाऊर्जेमार्फत ते अनुदानावर बसवलेही गेले. अभ्यासिकेची गरज ती केवढी? वीस वॅटच्या दहा ट्यूब, चार तास, म्हणजे रोजचे एक युनिटसुद्धा नाही. आजच्या भावात पॅनल इतके स्वस्त झाले आहे की, पहिला रुपया आम्ही पॅनल आणि बॅटरीवर घालू. चक्की नंतर, आणि तीही विहारावर नव्हे. समितीच्या कुणा शेतकरी उपासकाचे घर उघड्या माळावर असेल, लाइनपासून लांब असेल, तर तिथे तिचा खरा उपयोग आहे.

तोवर एक करा. तीस फुटी खांबावर वारा मोजण्याचे यंत्र लावा. दहावी-बारावीच्या मुलांनी पाळीपाळीने सकाळ, दुपार, रात्र आकडे वहीत लिहावेत, पूर्ण वर्षभर, म्हणजे पावसाळा आणि हिवाळा दोन्ही येतील. गोळा झालेले दान तेवढे दिवस बँकेत राहू द्या. पुढच्या वर्धापनदिनाला ती वही या टेबलावर ठेवा, म्हणजे बेरीज आपण सगळे मिळून करू.

जयभीम!