नकाशातलं अंतर आणि बाईच्या पायाखालचं अंतर

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



मतदार नोंदणीवर बोलायचं ठरलं, तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "त्यात बोलायचं काय? फॉर्म भरायचा नि द्यायचा." पण फॉर्म घेणारं टेबल कुठे मांडायचं, हे कोण ठरवतं? मला त्या टेबलाविषयीच बोलायचं आहे.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण घेते. १९९४ साली तिथे सर्व वर्णांच्या लोकांनी पहिल्यांदा एकत्र मतदान केलं, तेव्हा मतदार यादीच नव्हती. लांबच लांब रांगा लागल्या, काही ठिकाणी मतपत्रिका संपल्या. पुढच्या निवडणुकीआधी यादी करायची ठरली. पण केंद्रं ठेवायची कुठे? १९९१च्या जनगणनेत ट्रान्सकाई, सिस्काई, वेंडा आणि बोफुथात्स्वाना हे प्रदेश धरलेच नव्हते. वर्णभेदी सरकारच्या हिशेबात तिथली काळी माणसं देशातलीच नव्हती. अशा भागांतले किती तरी पुरुष खाणींवर गेलेले, गावात मागे बाया, म्हातारी माणसं आणि पोरं. म्हणजे खेड्यातलं केंद्र कुठे असावं, हा मुख्यतः बायांचाच प्रश्न होता.

१९९६ साली साऱ्या देशाची एकत्र जनगणना झाली. तिच्या गणना-विभागांच्या आधारे निवडणूक आयोगाने कॉम्प्युटरवर नकाशे तयार केले. या सॉफ्टवेअरला जीआयएस म्हणतात. नावाला घाबरू नका. ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवावेत, तसंच ते आहे. एका कागदावर वस्ती, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर नद्या, चौथ्यावर शाळा. मग विचारायचं, या शाळेपासून इतक्या अंतरात किती मतदार येतात? बाहेर कोण राहतं? तिथे साधारण माप ठरलं ते असं : शहरात साडेसात किलोमीटरच्या आत सुमारे ३,००० मतदार, खेड्यात दहा किलोमीटरच्या आत सुमारे १,२००. अशी साडेचौदा हजारांच्या आसपास मतदान क्षेत्रं आखली गेली. नोव्हेंबर १९९८पासून तीन फेऱ्यांत नोंदणी झाली आणि एक कोटी ऐंशी लाखांवर नावं यादीत आली.

काम मोठं झालं, यात शंका नाही. पण दहा किलोमीटर म्हणजे जाऊन-येऊन वीस. पाठीवर पोर, घरी चूल. आणि केंद्रावर पोचल्यावर बारकोड असलेलं नवं ओळखपत्रच हवं, जुनं चालायचं नाही. हा वाद घटना न्यायालयात गेला. एप्रिल १९९९मध्ये बहुमताने ती अट कायम राहिली. न्यायमूर्ती केट ओ'रेगन यांनी मात्र वेगळा निकाल दिला. केंद्र जवळ आणणं नकाशाला जमतं. कागद कोणाकडे नाही, हे विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

आता आमची चूक सांगते. आम्हीही तालुक्यातल्या एका गावाचा असाच नकाशा केला. सगळ्या वस्त्यांना मध्यावर पडणारी जागा निघाली देवळाचा सभामंडप. तिथे टेबल मांडलं. दिवसभरात दलित वस्तीतली एकही बाई आली नाही. संध्याकाळी आम्ही वस्तीवर गेलो. एक आजी म्हणाल्या, "बाई, त्या पायरीवर आम्ही कधी चढलो नाही. आता नाव लिवायला चढू व्हय?" नकाशात अंतर होतं सहाशे मीटर. पायरीचं अंतर त्यात नव्हतं, कारण आम्ही ते विचारलंच नव्हतं. एम.एस.डब्ल्यू.ला शिकलेली मी, मान खाली घालून परतले. पुढच्या वेळी टेबल वस्तीतल्या अंगणवाडीत मांडलं, तेही दिवेलागणीला. तेव्हा बाया आल्या.

म्हणून माझं सांगणं असं : क्यूजीआयएससारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते जरूर शिका. पण आधी बायांसोबत जमिनीवर रांगोळीने गाव काढा. ओढा कुठे भरतो, दारूचा गुत्ता कुठे आहे, कुठल्या जागी कोण पाऊल टाकत नाही, हे त्याच सांगतील. मग ते कॉम्प्युटरवर चढवा. काळाचाही नकाशा करा. यादीची उजळणी बहुतेकदा दिवाळीच्या आसपास चालते, नेमक्या त्याच वेळी ऊसतोडीच्या बाया कोयता घेऊन निघालेल्या असतात. त्या गावात असतानाच त्यांचे फॉर्म भरायला हवेत. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरी कापलं आणि सासरी चढलंच नाही, अशी घरंही त्याच नकाशावर खुणेने दाखवा. असा नकाशा पुढे ठेवला, की अधिकाऱ्यांशी बोलणं सोपं जातं. "अडचण आहे" असं मोघम म्हणण्यापेक्षा कुठे, कोणाला आणि कधी, हे दाखवता येतं.

१९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. आज आपण आपलं नाव सांगतो. ते लिहून घेणारं टेबल कुठे असावं, हेही आता आपणच सांगू या.