नाचाची चटई घेण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला कुणा थोर स्त्रीच्या चरित्रावर बोलावे, नाहीतर दिवाळीच्या फराळावर, असा आपला रिवाज आहे. मला मात्र चिटणीसबाईंनी आधीच बजावले, "काकू, तुम्ही पैसे घालवून शहाण्या झालात, तेव्हा त्यावरच बोला." मंडळाच्या शिलकीतून आपल्या खोलीसाठी एक डान्स मॅट घ्यावी, अशी सूचना मागच्या सभेत आली आणि तिच्यावर बरेच बोलणे झाले. वर्गणीचा पैसा म्हणजे दहा घरांतून काटकसर करून आलेला पैसा. तो वाया जाऊ नये, म्हणून मी माझी फजिती सांगायला उभी आहे.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. साधारण तीन फूट लांब आणि जवळजवळ तेवढीच रुंद अशी एक चटई असते. तिच्यावर पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असे चार बाण. टीव्हीवर गाणे लागते, पडद्यावर बाण सरकत येतात, आणि जो बाण ठरलेल्या रेषेवर पोचेल त्यावर त्याच क्षणी पाय पडला पाहिजे. कोनामी नावाच्या जपानी कंपनीने १९९८ साली असा खेळ तिकडच्या खेळघरांत मांडला आणि १९९९ साली घरच्या टीव्हीसाठी आणला. त्याच्याही आधी, १९८६ साली, बांदाई कंपनीने पायाने खेळायची चटई जपानात काढली होती. पुढे अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने तर मुलांचे अंग हलावे म्हणून आपल्या ७६५ सरकारी शाळांत हा खेळ नेण्याचे २००६ साली ठरवले. तेव्हा हे निव्वळ पोरखेळाचे खूळ नव्हे. आणि पंचमीला माहेरी येऊन घामाघूम होईपर्यंत झिम्मा-फुगडी खेळलेल्या बायांना ठेका काय तो शिकवायला नको.

आता माझी फजिती. नातीने हट्ट धरला आणि मी परगावच्या एका दुकानातून चटई आणली. खोक्यावर टीव्हीचे चित्र होते, एवढे पाहून मी पैसे मोजले. घरी आल्यावर दिसले की तिच्या वायरीला लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन टोप्या, आणि आमच्या नव्या टीव्हीला तसली भोकेच नाहीत! जुना टीव्ही आम्ही त्याच दिवाळीत भंगारात दिला होता. हळद घेताना आपण कांडी मोडून आतला रंग पाहतो, आणि इथे मी खोके पाहून भुलले.

म्हणून पहिली गोष्ट ही, की चटई निवडण्याआधी आपल्याकडे काय आहे ते पाहावे. टीव्हीच्या मागे तीन रंगांची भोके असतील तर खेळ आतच भरलेली चटई चालते, पण त्यातले खेळ आणि गाणी ठरलेलीच असतात. घरात संगणक असेल तर यूएसबीची चटई घ्यावी. तिला स्टेपमॅनिया नावाचा खेळ फुकट मिळतो आणि त्यात आपल्या आवडीची गाणीही घालता येतात; अगदी मंगळागौरीची सुद्धा, कुणी बसून बाण जुळवले तर. आणखी एक प्रकार बाजारात दिसतो, बॅटरीवर चालणारा, चटईतूनच आवाज काढणारा. तो लहान मुलांचे खेळणे आहे. वाईट नाही, पण टीव्हीला लागत नाही, हे विचारून घ्यावे.

दुसऱ्या खेपेला मी यूएसबीची घेतली, आणि तरी चुकले. एकेक बाण बरोबर लागे, पण डावा आणि उजवा एकदम दाबला की काहीच उमटेना. नात रडकुंडीला आली, मी म्हटले तुझीच उडी चुकते. पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने फोनवर उलगडा केला. काही स्वस्त चटया डावा-उजवा हे बाण एकाच दांडीची दोन टोके समजतात. दोन्ही टोके एकदम दाबली की ती एकमेकांना खोडतात. आणि दोन पायांची उडी तर या खेळात पदोपदी येते. तेव्हा दुकानातच चटई संगणकाला जोडून डावा-उजवा एकदम आणि पुढचा-मागचा एकदम दाबून पाहावा. दुकानदार कुरकुर करील, करू द्या. नातीची मी नंतर माफी मागितली.

मऊ चटई घ्यावी की कडक, हा पुढचा प्रश्न. मऊ चटईत वीज वाहून नेणारे दोन पातळ थर असतात आणि मधे भोके पाडलेला फोम. पाय पडला की भोकातून दोन्ही थर टेकतात आणि खूण पोचते, एवढीच कारागिरी. म्हणून तिची घडी घालायची नाही. घडीच्या रेषेवर आतला थर तडकतो आणि तो बाण मरतो. सतरंजीसारखी गुंडाळून ठेवावी. धुणे तर नाहीच, ओलसर फडक्याने पुसावी. कडक पाट धातूचे किंवा जाड पत्र्याचे असतात. पाय सरकत नाहीत, वर्षानुवर्षे टिकतात, पण ते जड आणि किमतीला कितीतरी पट महाग. पोलंडमधली एल-टेक कंपनी असे पाट करते. नवशिक्या बाईने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी मऊ चटईवर सहा महिने पाय चालू द्या, मग पाहू.

मऊ चटईचा खरा दोष म्हणजे ती सरकते. आपल्या शहाबादी फरशीवर तर साबण लावल्यासारखी. सतरंजीवर टाकली तर चुण्या पडतात आणि पाय अडकून पडायची भीती. आमच्या सुताराने चटईच्या मापाची प्लायवूडची फळी कापून दिली, तिच्या खाली रबर ठोकले आणि वर चटई चिकटपट्टीने घट्ट बसवली. हा खर्च चटईच्या किमतीतच धरावा. फळी केली की गुंडाळणे संपले. ती भिंतीला उभी टेकवून ठेवायची. माडीवर राहणाऱ्यांनी खालच्या बिऱ्हाडाला आधी सांगावे.

आता जी गोष्ट खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते ती. आपल्या पायांत जोडवी असतात, आणि जोडव्याच्या कडेने चटईचे वरचे प्लास्टिक फाटते. जोडवी काढा असे मी म्हणणार नाही. मला माझ्या सासूबाईंचा चेहरा आठवतो. बोटांना मऊ सुती चिंधी गुंडाळावी. मोजे घालू नयेत, पाय घसरतो. पदर खोचावा आणि निऱ्या थोड्या वर घ्याव्यात.

खेळताना पाय नेहमी उशिरा पडतो असे वाटले तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. नवे टीव्ही चित्र सजवून दाखवतात आणि त्यात क्षणाचा उशीर होतो. टीव्हीच्या सोयींत 'गेम मोड' असतो, तो लावावा. सर्वांत सोप्या पायरीवर सुरुवात करावी. आणि दर पावलाला मधल्या चौकोनात परत यायची गरज नाही. ज्या बाणावर पाय आहे तिथेच ठेवावा, दुसरा पाय उचलावा. मला हे कळायला महिना लागला आणि तोवर गुडघे बोलायला लागले होते. ज्यांचे गुडघे आधीच बोलतात त्यांनी उड्या वगळाव्यात आणि डॉक्टरांना विचारूनच चटईवर चढावे.

शेवटी एक सांगते. आमच्या शेजारच्या मावशींना त्यांचे यजमान गेल्यापासून कुणी फुगडीला हाक मारली नव्हती. मंगळागौरीला त्या दारातून पाहत आणि परत जात. आम्हीही हाक मारली नाही, हे मान्य करते. गेल्या पौषात नातीने त्यांना चटईवर ओढले. पहिल्या गाण्याला त्या दोनदाच बाणावर आल्या. आता माझ्यापेक्षा त्यांचे गुण जास्त येतात आणि त्या मला ते रोज ऐकवतात.

तेव्हा माझी सूचना अशी आहे की मंडळाने यूएसबीची मऊ चटई घ्यावी, फळी आमचा सुतार करून देईल, आणि दुकानात तपासायला जाताना मावशींना बरोबर न्यावे. त्यांनी दोन्ही बाण एकदम दाबून पाहिल्याशिवाय खजिनदारबाईंनी पैसे काढू नयेत.